ययातीची जरा आणि रूपकाआड गेलेला देह

ययातीच्या कथेविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. वि. स. खांडेकरांची 'ययाति' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली, १९६० साली तिला साहित्य अकादमीचा आणि पुढे १९७४ साठी खांडेकरांना ज्ञानपीठाचा सन्मान लाभला. शिरवाडकरांचे 'ययाति आणि देवयानी' १९६६ सालचे. शेजारच्या कन्नडमध्ये गिरीश कार्नाडांचे 'ययाति' १९६१ साली छापले गेले, आणि कार्नाडांचा मराठी रंगभूमीशी असलेला निकटचा संबंध पाहता मराठी नाट्यविचारालाही ते परके राहिले नाही. या साऱ्या कृतींवरच्या समीक्षेत 'भोगवाद', 'वासना', 'अतृप्ती', 'संयम' हे शब्द वारंवार येतात. 'म्हातारपण' हा शब्द मात्र आला तरी बहुधा अवतरणचिन्हांत, कशाचे तरी प्रतीक म्हणूनच येतो. ज्या शापाभोवती ही कथा फिरते तो जरेचा, म्हणजे पिकलेल्या केसांचा, सैल पडलेल्या कातडीचा आणि न चालणाऱ्या इंद्रियांचा शाप आहे, याकडे पाहण्याचे समीक्षेने सहसा टाळले आहे. हे टाळणे योगायोगाचे नाही. पुरुषाच्या म्हाताऱ्या होणाऱ्या शरीराविषयी, आणि विशेषतः त्याच्या लैंगिक शरीराविषयी, गंभीरपणे बोलण्यासाठी आधुनिक मराठी साहित्यव्यवहाराने कोणती भाषा घडवली व कोणती गमावली, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

आदिपर्वातील मूळ आख्यानाकडे प्रथम पाहिले पाहिजे. शर्मिष्ठेपासून राजाला तीन पुत्र झाल्याचे कळताच देवयानी पित्याकडे जाते, शुक्र शाप देतो आणि ययाती तत्क्षणी जराग्रस्त होतो. तेव्हा ययातीने केलेले आर्जव लक्षणीय आहे. देवयानीच्या सहवासात आपण अजून तृप्त झालेलो नाही, असे तो म्हणतो. जिच्या तक्रारीमुळे शाप मिळाला तिच्याच नावाने सवलत मागितली जाते. आणि शुक्रालाही ती द्यावीशी वाटते, कारण जावयाची इंद्रिये हिरावून घेताना कन्येच्या संसारातील काही हिरावले जाते आहे, हे बापाला उमगले असावे. (आख्यान हे बोलून दाखवीत नाही, परंतु उ:शापाची तत्परता तेच सुचवते.) जरा दुसऱ्याच्या देहात संक्रमित करण्याची मुभा मिळते आणि राजा पुत्रांकडे वळतो.

यानंतर येणारी चार नकारांची मालिका हा या आख्यानाचा गाभा आहे. मराठी रूपांतरांनी नेमकी तीच उडवली किंवा आवरती घेतली. यदू म्हणतो की जरेत अनेक दोष आहेत: दाढी पांढरी होते, आनंद हरपतो, अंग शिथिल होते, सर्वांगावर वळ्या पडतात, माणूस पाहवत नाही, काम करण्याची शक्ती जाते, तरुण आणि आश्रितही अवमान करतात. तुर्वसूला कामभोगाचा, बळाचा, रूपाचा, बुद्धीचा आणि प्राणाचा नाश करणारी जरा नको आहे. द्रुह्यू सांगतो की जीर्ण माणूस हत्ती, रथ, घोडा यांचा उपभोग घेऊ शकत नाही, स्त्रीचाही नाही, आणि त्याची वाणी अडखळते. अनूचा आक्षेप याहून घरगुती आहे. म्हातारा लहान मुलासारखा अवेळी खातो, शुचिर्भूत राहत नाही, अग्नीला वेळेवर आहुती देत नाही.

या चार उत्तरांत लैंगिक असमर्थतेचा उल्लेख आहे, पण ती केंद्रस्थानी नाही. द्रुह्यूच्या यादीत ती हत्ती, रथ आणि घोडा यांच्या ओळीत बसते. तुर्वसूच्या यादीतही बळ, रूप आणि बुद्धी यांच्या सोबतच येते. स्त्रीला उपभोग्य वस्तूंच्या यादीत घालणारी ही दृष्टी आजच्या वाचकाला खुपेल, आणि खुपावीच. तरीही तिच्यात एक गोष्ट आहे जी पुढे हरवली: म्हातारपण हे एका अवयवाचे नव्हे तर सबंध देहाचे आणि देहाच्या सामाजिक वावराचे रूपांतर आहे, याचे भान. ज्याला शेजघरात जमत नाही त्याला घोड्यावरही बसता येत नाही आणि बोलताना त्याची जीभही अडखळते. आधुनिक वैद्यक आज वेगळ्या मार्गाने याच निष्कर्षापाशी आले आहे, त्याचा विचार पुढे येईल.

देहाविषयीचा हा स्पष्टपणा मराठीलाही परका नव्हता. 'ज्ञानेश्वरी'च्या तेराव्या अध्यायात जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दोष पाहणाऱ्या ज्ञानी पुरुषाचे वर्णन करताना ज्ञानदेवांनी म्हातारपण इंद्रियागणिक रेखाटले आहे. कमळाच्या पाकळ्यांशी स्पर्धा करणारे डोळे पुढे पिकलेल्या पडवळासारखे होणार आहेत, हे तारुण्यातच ओळखणारा तो शहाणा. हे वर्णन मलमूत्राच्या द्वारांपर्यंत निःसंकोच जाते. हेतू वैराग्याचा आहे हे खरे, पण वैराग्यासाठीदेखील आधी देह नीट पाहावा लागतो अशी त्या परंपरेची धारणा होती. भर्तृहरीच्या शतकत्रयीला मराठीत आणणाऱ्या वामन पंडिताच्या वाचकालाही गात्रे थकतात आणि तृष्णा थकत नाही, ही विसंगती ठाऊक होती. येथे 'थकलेली गात्रे' ही खरीखुरी गात्रे आहेत.

आयुर्वेदाची भाषा तर याहून नेमकी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिला अध्याय रसायनाचा आणि दुसरा वाजीकरणाचा आहे, हा क्रमच बोलका आहे. त्याच वाजीकरणाध्यायात सोळा वर्षांच्या आधी आणि सत्तरीनंतर पुरुषाने स्त्रीसंग करू नये असा निर्बंध आहे. तिसाव्या अध्यायात क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी एक 'जरासंभव', म्हणजे वार्धक्यातून येणारा. म्हाताऱ्या पुरुषाची असमर्थता हा तेथे शाप नाही, पाप नाही, विनोद तर नाहीच. ती कारणे आणि लक्षणे असलेली एक अवस्था आहे. रसायनाच्या अध्यायात ज्याच्या नावाने आजही घराघरात बरणी ठेवली जाते तो च्यवन हा जणू ययातीचा उलटा भाऊ. सुकन्येचा हा म्हातारा नवरा अश्विनीकुमारांच्या कृपेने तरुण होतो आणि त्यासाठी कोणा पुत्राचे तारुण्य खर्ची पडत नाही. मराठी साहित्याने च्यवनापेक्षा ययाती अधिक जवळ केला, हाही विचार करण्याजोगा प्रकार आहे. च्यवनाच्या वाट्याला जाहिरात आली, कादंबरी ययातीच्या वाट्याला.

आधुनिक मराठीत म्हातारा पुरुषदेह प्रथम ठसठशीतपणे उभा राहतो तो गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा'त, १८९९ साली. भुजंगनाथ हा पैशाच्या बळावर कोवळ्या मुलीशी लग्न करू पाहणारा म्हातारा. शारदेच्या मैत्रिणी त्याचे वय पाऊणशे सांगून त्याची थट्टा उडवतात. नाटकाने जरठ-कुमारी विवाहावर केलेला आघात ऐतिहासिक महत्त्वाचा आहे, आणि शारदेच्या तोंडचे भयाचे पद ज्यांनी ऐकले आहे त्यांना नाटकाची नैतिक बाजू समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु या आघातासाठी देवलांनी वापरलेले साधन म्हणजे म्हाताऱ्याच्या देहाचे हास्यास्पदीकरण. तरुण दिसण्याची त्याची धडपड प्रेक्षकाला हसवते आणि त्या हसण्यातच विवाहाची अनैतिकता सिद्ध होते. येथे एक सूक्ष्म घसरण घडते. अन्याय हा वयातील आणि सत्तेतील अंतराचा आहे, मुलीची संमती नाही आणि बाप तिला विकतो आहे याचा आहे. हसू मात्र येते ते म्हाताऱ्याला अजून इच्छा आहे म्हणून. पुढे शतकभर मराठी रंगभूमीवर आणि चित्रपटांत 'चावट म्हातारा' हे पात्र ज्या सहजतेने वावरले त्याची एक मुळी येथे आहे. इच्छा असणारा म्हातारा म्हणजे विनोद, हा संकेत एकदा रूढ झाला की इच्छा असलेल्या आणि सामर्थ्य गमावलेल्या म्हाताऱ्याविषयी गंभीरपणे बोलायला जागाच उरत नाही.

ही जागा उघडण्याचा प्रयत्न साहित्याच्या बाहेर झाला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेले 'समाजस्वास्थ्य' त्यांच्या १९५३ सालच्या मृत्यूपर्यंत चालले. वाचकांच्या पत्रांना ते जी उत्तरे देत त्यांत शरीराला शरीर म्हणण्याचा आग्रह होता. १९३४ सालचा खटला अशाच उत्तरांवरून झाला, कर्व्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकरांनी युक्तिवाद केला आणि तरीही दंड झालाच. मराठी गद्याच्या इतिहासात कर्व्यांच्या भाषेचा विचार व्हायला हवा होता तेवढा झालेला नाही. तिच्यात ना संस्कृत पदावलीचा आडोसा, ना चावटपणाचे डोळे मिचकावणे. ललित साहित्याने ही भाषा उचलली असती तर ययातीची कथा वेगळ्या रीतीने सांगितली गेली असती, असे मानायला जागा आहे.

ती तशी सांगितली गेली नाही. खांडेकरांच्या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने निवेदन करतात, आणि या रचनेमुळे स्त्रियांना मूळ आख्यानात नसलेला आवाज मिळतो, हे या कादंबरीचे निर्विवाद श्रेय. ययाती हा आजच्या सामान्य माणसाचा प्रतिनिधी आहे, ही लेखकाची भूमिकाही सर्वपरिचित आहे. अडचण नेमकी येथे सुरू होते. सामान्य माणसाचा प्रतिनिधी म्हणून उभा केलेला हा राजा सामान्य माणसासारखा म्हातारा मात्र होत नाही. जरा त्याच्यावर येते ती कादंबरीच्या अगदी शेवटी, पुरू ती स्वीकारतो आणि जवळजवळ त्याच क्षणी ययातीला पश्चात्ताप होतो. कचाच्या साहाय्याने पुरूला तारुण्य परत मिळते आणि राजा दोन्ही स्त्रियांसह वनाकडे वळतो. महाभारतात ज्या उसन्या तारुण्याला सहस्र वर्षे लागतात ते येथे काही घटकांत आटोपते. भोगून पाहिल्यावर भोगाने तृप्ती होत नाही हे कळणे आणि भोगण्याआधीच ते कळणे यांत मोठा फरक आहे. पहिला अनुभव आहे, दुसरा उपदेश. खांडेकरांना उपदेश अभिप्रेत असल्याने जरा ही केवळ एक कळ ठरते, जी दाबताच पात्राची सदसद्विवेकबुद्धी जागी होते. वाचकाला ययातीच्या मनाची खडान्‌खडा माहिती असते. जरेच्या त्या थोड्या अवकाशात त्याच्या देहाला काय झाले, चालताना काय दुखले, आरशात काय दिसले, शेजेवर काय झाले नाही, हे मात्र कादंबरीचा विषय होत नाही. कादंबरीची भाषा अलंकृत आहे म्हणून असे झाले, हे उत्तर अपुरे आहे. ज्ञानदेवांची भाषाही अलंकृतच होती, पण तिच्यात पडवळ होते.

कार्नाडांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. मूळ आख्यान पुरूच्या सहस्र वर्षांविषयी मौन बाळगते. तरुण मुलगा बापाची जरा अंगावर घेऊन इतका काळ कसा जगला, त्याच्या संसाराचे काय झाले, याला तेथे उत्तर नाही. कार्नाडांनी या मौनात चित्रलेखा आणली. नवपरिणीत वधूला कळते की पती बापाचे म्हातारपण घेऊन आला आहे. त्यागाची भाषा तिलाही आधी भुरळ घालते, पण त्या म्हाताऱ्या चेहऱ्यासमोर ती टिकत नाही. मग ती सासऱ्याला जो प्रश्न करते त्याने साऱ्या कथेचा पाया हलतो. पुरूचे तारुण्य तुम्ही घेतलेत, तर त्या तारुण्यासोबत येणारी पत्नीही स्वीकारा, असा त्या प्रश्नाचा आशय. ययाती हादरतो. चित्रलेखा विष घेते. जरा आणि तारुण्य ही अदलाबदल करण्याची रूपके आहेत असे मानणाऱ्या पुरुषांना ती देहाच्या वास्तवाकडे खेचून आणते, कारण या व्यवहाराची किंमत तिच्या शरीराने चुकवायची आहे. ए. के. रामानुजन यांनी 'भारतीय इडिपस' या विषयावरील निबंधात दाखवल्याप्रमाणे भारतीय कथांत बहुधा पुत्र पित्याला नव्हे, तर पिता पुत्राला गिळतो. कार्नाडांच्या नाटकाने त्यात एक भर घातली. पिता-पुत्रांतील हा वारसाकरार स्त्रीच्या गर्भाशयावर लिहिला जातो, आणि तिला विचारले मात्र जात नाही. शारदेलाही विचारले नव्हतेच.

या टप्प्यावर एका शब्दाशी थांबले पाहिजे. मराठीत आणि संस्कृतात 'लिंग' हा शब्द अवयवासाठी आहे, व्याकरणातील स्त्री-पुं-नपुंसक भेदासाठी आहे, शिवाच्या उपास्य रूपासाठी आहे, आणि न्यायशास्त्रात तो अनुमानाच्या खुणेसाठी आहे. धूर हे अग्नीचे लिंग. म्हणजे जे दिसते त्यावरून न दिसणारे ओळखायचे. झाक लाकाँने १९५८ साली अवयव आणि त्या अवयवाभोवती उभे राहिलेले सत्तेचे चिन्ह यांत जो भेद मांडला, तो मांडण्यासाठी फ्रेंचमध्ये त्याला दोन शब्द वापरावे लागले. आपल्याकडे हा पेच एकाच शब्दात सामावलेला आहे. आणि त्यामुळेच गोंधळही मोठा आहे. अवयव म्हातारा होतो, चिन्ह होत नाही. चिन्हावरून पुरुषत्वाचे अनुमान करण्याची सवय लागलेल्या समाजात अवयवातला प्रत्येक बदल पुरुषत्वाच्या ऱ्हासाचा पुरावा ठरतो. वात्स्यायनाने पुरुषांचे शश, वृष, अश्व असे प्रमाणावरून वर्गीकरण केले, परंतु त्याचा हेतू स्त्री-पुरुषांच्या जोडीचा मेळ पाहण्याचा होता, आणि प्रमाणासोबत काळ व भाव हे निकषही त्याने दिले. पुढच्या काळात मेळाचा विचार मागे पडला आणि मोजमाप तेवढे उरले. एसटी स्थानकांच्या भिंतींवरच्या 'गुप्तरोग' आणि 'मर्दानी ताकद' यांच्या जाहिराती या उरलेल्या मोजमापावर जगतात.

आजचे वैद्यक या अवयवाविषयी काय सांगते, ते येथे नोंदवणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे वाटेल. परंतु रूपकाने ज्या वस्तूची जागा घेतली ती वस्तू काय आहे हे कळल्याखेरीज रूपकाचे मोल ठरत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, पंधरा हजारांहून अधिक पुरुषांची वैद्यकीय मोजमापे एकत्र करणाऱ्या अभ्यासात शिथिल अवस्थेतील सरासरी लांबी ९.१६ आणि ताठर अवस्थेतील १३.१२ सेंटिमीटर आढळली. बहुसंख्य पुरुष या सरासरीच्या आसपासच असतात, आणि तरीही आपण उणे आहोत अशी समजूत बाळगणाऱ्यांची संख्या मोठी असते. वाढत्या वयात अवयव काहीसा लहान भासू शकतो. त्यामागे ओटीपोटावरची चरबी वाढून मुळाचा भाग झाकला जाणे, ताठरतेची पूर्णता कमी होणे, आतील लवचीक स्नायुतंतूंची जागा अंशतः कठीण तंतूंनी घेणे, क्वचित फ्रान्समधील शल्यवैद्य ला पेरोनी याने १७४३ साली वर्णिलेला वक्रतेचा विकार, किंवा पुरःस्थ ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया अशी कारणे असतात. पुरुष संप्रेरकही मध्यम वयानंतर हळूहळू, वर्षाला सुमारे एक टक्का या गतीने उतरते. ते एका रात्रीत कोसळत नाही. शुक्राचा शाप जसा क्षणात लागतो तसे शरीरात काहीच होत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांचा जो अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला त्यात निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे ५२ टक्के पुरुषांत ताठरतेची कमीअधिक अडचण आढळली, आणि पूर्ण असमर्थतेचे प्रमाण चाळिशीतील ५ टक्क्यांवरून सत्तरीत १५ टक्क्यांपर्यंत वाढलेले दिसले. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब आणि धूम्रपान यांच्याशी या अडचणीचा संबंध स्पष्ट होता. या अवयवाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात, म्हणून रक्तवाहिन्यांचा विकार येथे बहुधा आधी दिसतो. धूर आणि अग्नी यांचा तो जुना दृष्टांत येथे अक्षरशः लागू पडतो: ही खूण पुरुषत्वाची नव्हे, हृदयाची आहे. हत्ती, रथ, घोडा आणि शेज यांना एका ओळीत बसवणारा द्रुह्यू वैद्यकाला अधिक जवळचा वाटेल. १९९२ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या परिषदेने 'नपुंसकत्व' या अर्थाची जुनी संज्ञा टाकून ताठरतेतील दोष दर्शवणारी संज्ञा सुचवली, आणि १९९८ साली व्हायग्राला तेथे मान्यता मिळाली. पहिल्या घटनेने माणसाला दिलेले दूषण काढून घेतले. दुसरीने अवयवाला पुन्हा बाजारात उभे केले. मराठीत डॉ. विठ्ठल प्रभूंच्या 'निरामय कामजीवन'सारख्या पुस्तकांनी कर्व्यांचे काम निगुतीने पुढे नेले, परंतु वैद्यकीय पुस्तकांचे कपाट वेगळे आणि साहित्याचे वेगळे, ही वाटणी मोडली नाही.

असमर्थतेचा क्षण मराठी नाटकात प्रत्यक्ष आणण्याचे धाडस विजय तेंडुलकरांनी १९७२ साली 'सखाराम बाइंडर'मध्ये केले. सखाराम म्हातारा नाही, पण त्याची सारी प्रतिष्ठा देहाच्या सामर्थ्यावर उभी आहे. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरात आणायच्या आणि आपल्या अटींवर ठेवायच्या, हा त्याचा खाक्या. लक्ष्मी परत येते आणि चंपेसोबत त्याला जमेनासे होते. पुढचा खून या न जमण्यातून उगवतो. समीक्षेने या प्रसंगाचे विवेचन बहुतांशी लक्ष्मीच्या धार्मिकतेचा सखारामच्या मनावरील प्रभाव असे केले, आणि तो अर्थ संहितेत आहेच. पण तेवढाच नाही. रात्रंदिवस दारू, बदललेले घर, दोन बायकांच्या नजरा आणि स्वतःच्याच फुशारकीचे ओझे यांखाली एक शरीर हार खाते, एवढी साधी गोष्टही तेथे घडते आहे. चंपा ती ओळखते आणि तोंडावर बोलून दाखवते. नाटकावर झालेल्या सेन्सॉरच्या आक्षेपांचा आणि कमलाकर सारंगांनी न्यायालयात दिलेल्या लढ्याचा इतिहास वाचला तर गदारोळ शिव्यांचा आणि उघड्यावाघड्या दृश्यांचा झाला असे दिसते. पुरुषाची असमर्थता रंगमंचावर आली याचा उच्चार फारसा कोणी केला नाही. तेंडुलकरांच्या नाटकातला सर्वांत धोक्याचा भाग कदाचित तोच होता. भुजंगनाथाला हसता येते, ययातीची कणव करता येते. सखारामचे काय करायचे, हे प्रेक्षकाला कोणत्याच संकेताने शिकवलेले नव्हते.

या संदर्भात जपानी लेखक तानिझाकी जुनइचिरो याच्या १९६१-६२ मधील 'वेड्या म्हाताऱ्याची रोजनिशी'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. खांडेकरांची कादंबरी आणि ही रोजनिशी यांत दोन-तीन वर्षांचे अंतर. सत्याहत्तर वर्षांचा उत्सुगी पूर्णपणे असमर्थ झालेला आहे, हे तो स्वतःच नोंदवतो, आणि त्याच रोजनिशीत रक्तदाबाचे आकडे, हाताच्या वेदना, औषधांची नावे आणि सुनेच्या पावलांविषयीची आसक्ती शेजारी शेजारी येतात. त्या पावलांचे ठसे आपल्या थडग्यावर कोरले जावेत अशी त्याची इच्छा आहे. येथे उपदेश नाही आणि च्यवनाची जादूही नाही. इच्छा अवयवावाचून जगते, वाकडीतिकडी होते, विनोदी होते, केविलवाणी होते, क्वचित क्रूरही होते. शेवटी तर रोजनिशी थांबते आणि परिचारिकेच्या, डॉक्टरच्या व मुलीच्या टिपणांतून म्हातारा उरतो. सीमोन द बोव्हार हिने १९७० सालच्या वार्धक्यावरील ग्रंथात म्हाताऱ्या माणसाला इच्छा असणे समाजाला किळसवाणे का वाटते याचा शोध घेतला आहे. तानिझाकीने ती किळस लपवलीही नाही आणि तिला न्यायाधीशही केले नाही. उत्सुगी सुनेवर अन्याय करतो का? करतो. ती त्याचा फायदा घेते का? घेते. भुजंगनाथापेक्षा तो अधिक चांगला माणूस नाही, पण त्याचे शरीर त्याचे आहे, कोणत्याही तात्पर्याचे नाही.

मराठीत असे लिहिले जाऊ शकत नव्हते, असे म्हणता येणार नाही. अनूच्या तोंडचा अवेळी जेवणारा म्हातारा, ज्ञानदेवांचे पिकलेले पडवळ, चरकाचा जरासंभव प्रकार आणि कर्व्यांची सरळ उत्तरे ही सामग्री मराठी लेखकाच्या हाताशी होती. समीक्षेने ती एकमेकींशेजारी ठेवली नाही एवढेच. ययातीवरील लेखनात 'अतृप्ती' या एका शब्दाभोवती एवढा पसारा मांडला गेला की अतृप्त कोण आहे, त्याचे वय किती, त्याच्या गुडघ्यांत बळ किती, हे विचारणे ग्राम्य वाटू लागले.

महाभारतात सहस्र वर्षे भोगून झाल्यावर ययाती पुरूला त्याचे तारुण्य परत करतो आणि जरा स्वतःच्या अंगावर घेऊन वनात जातो. खांडेकर आणि कार्नाड या वनाच्या उंबरठ्यावर थांबतात. आख्यान मात्र पुढे जाते आणि म्हाताऱ्याच्या देहाचा हिशेब बारकाईने देते: कंदमुळे आणि फळे, वेचून आणलेले धान्य, तीस वर्षे केवळ पाणी, मग एक वर्ष केवळ वारा, एक वर्ष पंचाग्नींच्या मध्ये, आणि सहा महिने एका पायावर. घोड्यावर बसता येत नाही म्हणून ज्या देहाला द्रुह्यूने नाकारले होते, तोच हा देह.